पिवळं काढ

रात्री पावणेदोनला मेल आला,
ते राज्य आता लढतीत धरू नये.
तौसीफने स्क्रीनवरून मान न वळवता सांगितलं,
पिवळं काढ. करडं भर.

आमच्या तक्त्यात लाल म्हणजे ठरलेलं, निळं म्हणजेही ठरलेलं.
पिवळं म्हणजे काही सांगता येत नाही, माणसं पाठवा.
करडं म्हणजे तिकडे आता पैसा घालू नका.

अकरा आठवडे मी त्या राज्यातले फोन नंबर तपासतेय
अंबडच्या या तिसऱ्या मजल्यावर.
खालच्या शेडमध्ये रात्रभर वॉशर पडतात,
ठक्, ठक्, जणू कुणी मोजणी करतंय.
राज्य मी पाहिलेलं नाही,
पण तिथे मका असतो, आणि एल्म नावाचा रस्ता
गावागावात असतो, आपल्याकडे गावठाण असतं तसा.
एकदा एका बाईने फोन उचलला.
तिच्याकडे दुपार होती.
म्हणाली, आज दारात चौथा माणूस येऊन गेला,
कुत्रं आता भुंकायचंही थांबलंय.
वैतागली होती.
पण चौथा म्हणताना तिचा आवाज जरा चढला,
तो चढ मी ओळखते.

सातपूरला आमचा वॉर्ड एकदा नऊ मतांनी फिरला होता.
त्या साली पप्पांच्या रिक्षावर कर्णा होता.
सकाळी एकाचा झेंडा, दुपारी दुसऱ्याचा,
संध्याकाळी पंपामागे थांबून तिसऱ्याचा,
आवाज मात्र तिन्ही वेळा त्यांचाच,
प्रचंड बहुमताने.
रात्री घरी दूधहळद, आणि आई हसून लोटपोट.
गल्लीत रातोरात डांबर पडलं.
आईची चप्पल त्यात अडकली, ती तशीच सोडून
ती अनवाणी आत आली, आणि कोण आनंद तिला!
दोन उमेदवार आजीच्या पाया पडले.
तिसऱ्याला तिने सांगितलं,
बाबा, पाय आता दुखतात, लांबूनच कर.

मग वॉर्डांचे प्रभाग झाले.
रेघ नाल्यापलीकडे सरकली,
पलीकडच्या उंच सोसायट्या आमच्यात आल्या,
आणि निकाल दहाच्या आत लागू लागला.
कुणी भांडलं नाही, कुणी हरलंही नाही तसं.
फक्त कुणी येईनासं झालं.
परवा दाराखालून पत्रक आलं,
त्यावर निरभवणेंचं निरगुडे झालेलं.
पप्पांनी पेनने दुरुस्त केलं
आणि फ्रिजवर चिकटवलं.

पहाटे साडेपाचला घरी पोचले
तर ते ओट्यावर कर्ण्याचा पितळी घसा पुसत बसलेले.
दर महिन्याला पुसतात.
विचारलं, तुझ्या त्या राज्याचं काय?
म्हटलं, काढलं. चुरस नाही राहिली.
– कुणी ठरवलं?
आकड्यांनी.
– तिथल्या लोकांना कळवलं का?
मी चहा ठेवला.
– म्हणजे मत देतील ते, फक्त त्यांना कुणी विचारणार नाही.
हो.
– मग खड्डे?
ते मला माहीत नाही पप्पा,
तिथे खड्डे पडतात का तेही माहीत नाही.
पडत असणार, म्हणाले, मका आहे म्हणजे ट्रॅक्टर आहे.

साखर घालता घालता सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही,
की पिवळं काढताना एक जिल्हा राहिला.
खालून सातवी ओळ.
नजरचुकीने म्हणेन, कुणी विचारलं तर.
दोनशे त्र्याऐंशी नंबर आहेत तिथले,
त्यातला एक त्या कुत्र्यावाल्या बाईचा.
सोमवारी तौसीफच्या लक्षात येईलच.

तोवर तिथे काही सांगता येत नाही.